उम्म रकानच्या गाडीचा तिसरा दिवा

१७ ऑक्टोबर २०१९, गुरुवार. तीन दिनार आणि पंचाहत्तर किर्श.

झरका शहरातल्या गॅरेजवाल्यांच्या गल्लीत गाडीचा एक दिवा दुरुस्त करायला तेव्हा एवढे पडत. वस्फीने आकडा सांगितला आणि त्याच दमात तिथला प्रत्येक दुकानदार म्हणतो तेच म्हणाला, "राहू द्या."

हे 'राहू द्या' तिथे सगळेच म्हणतात. भाजीवाला म्हणतो, न्हावी म्हणतो, टॅक्सीवालाही म्हणतो. मग गिऱ्हाइकाने "छे, घ्या" म्हणायचं, दुकानदाराने छातीवर हात ठेवून "तुमच्याकडून कसे घेऊ?" म्हणायचं, गिऱ्हाइकाने अल्लाची शपथ घालायची आणि मग पैसे मोजून द्यायचे. 'राहू द्या' ऐकून खरोखरच पैसे राहू देणारा माणूस एक तर पाळण्यातला असतो, नाही तर परदेशी.

समोरची बाई दोन्ही नव्हती. तिने रीतसर शपथ घातली, एकेक दिनाराच्या तीन नोटा आणि पाव दिनाराची तीन नाणी वस्फीच्या टेबलावर तारा तपासायच्या मीटरखाली सारली, आणि पर्स बंद करता करता म्हणाली, "तुम्ही गुवैरिया मोहल्ल्यातले वस्फी ना? अब्दू पाणीवाल्यांचे?"

वस्फीने तिला ती गाडीतून उतरली तेव्हाच ओळखलं होतं. ती नुहाद होती. तीस वर्षं उलटून गेली होती, तरी गाडीचं दार लावून ते नीट लागलं की नाही हे तळहाताने दाबून बघायची तिची पद्धत तीच होती. पूर्वी ती घराचं फाटक तसं दाबायची.

"हो," वस्फी म्हणाला. "अब्दूंचाच."

"पाटीवर तर अबू नूर लिहिलंय."

"लोकांनी ठेवलेलं नाव आहे ते."

शेजारच्या दुकानात गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणारा जुहदी बसायचा. त्याचे कान शिलाई मशीन चालू असतानाही इकडेच असत. तो तिथूनच ओरडला, "बाई, आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात. याला ना बायको, ना मूल. मग काय म्हणायचं? दिवे लावतो, म्हणून अबू नूर. उजेडाचा बाप!"

ती हसली. वस्फीने मान खाली घालून पक्कड पुसायला घेतली.

वस्फी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. गाडीच्या तारा, दिवे, भोंगे, बॅटऱ्या, यांपलीकडे त्याने काही केलं नव्हतं. दुकान एका शटरचं. आत एक टेबल, दोन खुर्च्या, गॅसची छोटी शेगडी, तिच्यावर कॉफीची तपेली, आणि कोपऱ्यात कमरेएवढा एक लाकडी दांडा. हा दांडा त्याचा मदतनीस. ब्रेकचा दिवा तपासायचा तर एकाने आत बसून पाय दाबावा लागतो आणि दुसऱ्याने मागे उभं राहून बघावं लागतं. वस्फी एकटा. म्हणून तो दांड्याचं एक टोक सीटला टेकवायचा, दुसरं ब्रेकवर रोवायचा आणि मागे जाऊन बघायचा. जुहदी म्हणायचा, "तुझ्या घरात तो दांडा सोडला तर कोणी तुझं ऐकत नाही."

लग्नाचा विषय एकदाच निघाला होता. १९८८ साली वस्फीचे काका मोहल्ल्यातले दहा-बारा वडीलधारे घेऊन नुहादच्या वडिलांकडे गेले होते. रीतीप्रमाणे कॉफी आली. रीतीप्रमाणे काकांनी पेला उचलला नाही, समोर ठेवला आणि म्हणाले, "आमची एक मागणी आहे." आता मुलीच्या बापाने म्हणायचं असतं, "कॉफी घ्या, मागणी मान्य." मग सगळे एकदम पेले उचलतात, आणि आतून बायकांचा आनंदाचा गलका होतो.

नुहादचे वडील म्हणाले, "मुलगा काय करतो?"

"गाड्यांचं विजेचं काम शिकलाय. हात चांगला आहे."

"महिन्याचा पगार?"

काकांनी पेल्याकडे पाहिलं. वस्फी दाराजवळ बसला होता. काकांच्या पेल्यातली वाफ बारीक होत होत थांबली, कॉफीवर पातळ साय धरली, ते सगळं त्याने पाहिलं. मुलीला अजून शिकायचंय, असं तिचे वडील शेवटी म्हणाले. सगळे उठले. पेले तसेच राहिले. वर्षभरात नुहाद नगरपालिकेतल्या एका हिशेबनिसाच्या घरी गेली. पगार दर महिन्याला होत होता.

वस्फीने मग दोन बहिणींची लग्नं केली, आईचं आजारपण काढलं. लोक अधूनमधून स्थळं आणायचे, नंतर आणेनासे झाले.

आता ती समोर उभी होती. नवरा चार वर्षांमागे वारलेला. मुलगा रकान कॅनडात, म्हणून ती उम्म रकान. तिची गाडी पाहून गल्लीतली पोरं शिट्ट्या मारत होती, कारण पन्नाशी ओलांडलेली, डोक्याला रुमाल बांधलेली ही बाई दोन दारांची पांढरी जपानी गाडी चालवत होती, आणि गाडीच्या डिकीवर लढाऊ विमानाला शोभेल असा स्पॉयलर होता. जुहदी त्याला पंख म्हणायचा.

"रकानची गाडी," ती म्हणाली होती. "जाताना मला देऊन गेला. हा पंख त्याने स्वतः बसवलाय, पहिल्या पगारातून. आज तपासणीला नेली तर साहेब म्हणतो, पंखातला ब्रेकचा दिवा मधेच बंद आहे, पंखच काढून टाका. मी म्हटलं, तुमच्या आईला सांगा काढायला."

"काढायचा नाही," वस्फी म्हणाला होता.

मग त्याने पंखाची लाल काच गरम हवेने सैल करून उघडली होती. आत एलईडीची पट्टी. हे दिवे तीन-तीनच्या माळेत जोडलेले असतात. माळेतला एक गेला की त्याच्यासोबत चांगले दोनही विझतात. वस्फीने मीटरची टोकं लावून मेलेला शोधला, काढला, नवा डाखला, आणि माळ पेटली. पट्टीवर हिरवट बुरशी होती. पाणी आत जात होतं. काचेचं जुनं रबर एका कडेला कुजलं होतं. खरं म्हणजे पट्टीच नवी घालायला हवी होती, आणि काचेभोवती चारी बाजूंनी सिलिकॉन भरायला हवं होतं.

तो सिलिकॉन भरत होता. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूवर आला तेव्हा ती खुर्चीत बसून कॉफी पीत म्हणाली, "गाडीचं काही झालं की मला धास्तीच वाटते. सगळे लुबाडतात. बरं झालं, आता कुठे यायचं ते कळलं."

वस्फीचा हात थांबला. मग त्याने बाकीचं भरलं, आणि खालच्या कोपऱ्यात एका बोटाएवढी जागा तशीच ठेवली.

"आत बसून ब्रेक दाबता का?" त्याने विचारलं.

दांडा कोपऱ्यात होता. जुहदीने दांड्याकडे पाहिलं, मग वस्फीकडे पाहिलं, आणि मशीन बंद केलं.

"दाबला," ती आतून म्हणाली.

"सोडा."

"सोडला."

"परत दाबा."

हे जरुरीपेक्षा बरंच जास्त वेळ चाललं.

फेब्रुवारीत ती परत आली. तीन दिवे बंद. वस्फीने एक बदलला, तीन पेटले. खालचे दोन मुख्य ब्रेकदिवे तो दर वेळी न सांगता तपासायचा, तारा हलवून बघायचा, बल्ब जुना वाटला तर स्वतःहून नवा घालायचा. तिला मागून कोणी धडकू नये याची त्याला पक्की काळजी होती. चालढकल चालायची ती फक्त वरच्या, तिसऱ्या दिव्यात.

मार्चमध्ये साथीमुळे सगळं बंद झालं. संचारबंदीचे भोंगे वाजायचे आणि लोक घरात जायचे. दुकानाची किल्ली खिशात घेऊन वस्फी गच्चीवर बसायचा. त्या वसंतात पाऊस बरा झाला. शेजारीपाजारी म्हणायचे, जैतुनाच्या झाडांना चांगला. वस्फीच्या मनात यायचं, नुहाद राहते त्या रुसैफाकडच्या कुठल्या तरी गल्लीत एक पांढरी गाडी उभी आहे, आणि तिच्या पंखात खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी शिरतंय. ते वाईट होतं, आणि त्याला ते हवंही होतं.

रस्ते उघडल्यावर त्याला एक सवय लागली. दुकान बंद करून घरी जाताना तो अम्मानच्या रस्त्यावरच्या पुलाखाली थांबायचा. संध्याकाळी तिथे गाड्या तुंबतात आणि लाल दिव्यांची रांग लागते. त्या रांगेत तो एक उंच दिवा शोधायचा, ज्याच्यात मधेच काळी फट असेल, दात पडलेल्या माणसाच्या हसण्यासारखी. एकदाच दिसला. हिरवा सिग्नल लागला आणि तो दिवा विझून पुढे गेला.

जूनमध्ये ती आली तेव्हा सहा बंद होते.

"याला काही कायमचा इलाज नाही का हो, उस्ताद?"

"गाडी जुनी आहे, उम्म रकान. थोडं थोडं चालायचंच."

"माझ्यासारखं," ती म्हणाली. आणि मग रकानबद्दल बोलत बसली. रकान तिथे बर्फ उपसतो, रकानला मुलगी झाली, रकान म्हणतो आई इकडे ये. जाणार का, असं वस्फीने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. तिने तीळ लावलेल्या ताज्या रोट्या आणल्या होत्या, त्या तिघांनी खाल्ल्या. जुहदीने चार खाल्ल्या.

ती गेल्यावर जुहदी म्हणाला, "अरे उजेडाच्या बापा, त्या पट्टीत चोवीस दिवे आहेत. तू असा एकेक बदलत राहिलास तर तुझी वरात कबरस्तानातच जाईल. बोल की एकदा!"

"काय बोलू?"

"मला विचारतोय काय बोलू! तुझ्या त्या दांड्याला विचार."

पुढच्या हिवाळ्यात वस्फीने ठरवलं. ती येणार असल्याचा फोन आला होता. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. कॉलरपर्यंत बटणं लावलेली.

"बापरे!" जुहदी म्हणाला. "कोणाच्या डिकीसाठी एवढा नटलास?"

"गप बस."

"मी गप बसतो. आज तू गप बसू नकोस म्हणजे झालं."

बाहेर पाऊस होता. ती ओली होऊन आत आली, शेगडीजवळ बसली. वस्फीने कॉफी ओतली, पेला तिच्या हातात दिला, आणि वाक्य जुळवत उभा राहिला. आधी तिच्या मुलाची परवानगी घ्यावी म्हणावं, की आधी तिलाच विचारावं? तिने घोट घेतला आणि म्हणाली, "वेलदोडा कमी आहे."

"घालतो आणखी."

"नको, असू दे." तिने पेल्यात पाहिलं. "त्या दिवशीची कॉफी मी केली होती. तुमचे काका आले होते तेव्हा. आईने सांगितलं होतं मूठभर वेलदोडा घाल, मी दोन मुठी घातला. दाराआड उभी होते. सगळे गेल्यावर मीच पेले आत नेले. सगळे भरलेले. कोणी चाखलीसुद्धा नाही."

वस्फीने तयार केलेलं वाक्य जिथे होतं तिथे आता ते भरलेले पेले होते. तो गाडीकडे वळला, काच उघडली, आणि एक दिवा बदलला. सिलिकॉन लावलं, कोपरा सोडला. "दाबा," म्हणाला. "सोडा," म्हणाला. ती गेली.

जुहदीने त्या दिवशी थर्मासमधला चहा आणून ठेवला आणि गेला.

त्यानंतर दीड वर्ष हे असंच चाललं. पाऊस आला की ती यायची, आणि उन्हाळ्यात गाडी धुतली की यायची. वस्फीने शर्ट पुन्हा इस्त्री केला नाही. उद्या आहेच, असं त्याला वाटायचं. कोपरा उघडा होता तोवर उद्या होताच.

सप्टेंबर २०२२ मध्ये, एका रविवारी सकाळी, ती न कळवता आली. पंखात फक्त तीन बंद होते. एवढ्यासाठी ती एरवी यायची नाही. वस्फीने कॉफी केली. आता तो वेलदोडा मोजून जास्त घालायचा. तिने पेला घेतला, खुर्चीत बसली, आणि पेला समोरच्या टेबलावर ठेवून हात मांडीवर घेतले.

वस्फीने वाट पाहिली. ती पेल्याला हात लावेना.

शेजारी मशीन थांबलं.

"माझी एक मागणी आहे," नुहाद म्हणाली.

वस्फीने हातातली पक्कड खाली ठेवली. मागणी घेऊन येणारे पुरुष असतात, दहा-बारा असतात, त्यात एक पांढऱ्या दाढीचा असतो. बाई एकटी येऊन पेला खाली ठेवते असं त्याने ऐकलं नव्हतं. पण ही नुहाद होती, तपासणीच्या साहेबाला त्याच्या आईकडे पाठवणारी. त्या एका क्षणात त्याला वाटलं की आपल्याला जे जमलं नाही ते हिने केलं.

"रकानने माझे कागद केलेत," ती म्हणाली. "मंगळवारी विमान आहे. गाडी माझ्या भाचीला देतेय. ती अकाबात राहते. तिथून दिव्यासाठी इथे कोण येणार?"

वस्फीने पक्कड पुन्हा उचलली.

"मागच्या हिवाळ्यात मी रकानला फोनवर गाडी दाखवली. पंखाजवळ नेऊन. तो हसायला लागला. म्हणाला, आई, तुझा मिस्त्री एक कोपरा भरतच नाही. तो तुला फसवतोय." तिने वर पाहिलं. "मी म्हटलं, फसवत नाही. विसरतो."

वस्फीचे कान तापले. मागचा हिवाळा. म्हणजे त्यानंतरही ती चारदा आली होती. चारदा आत बसून ब्रेक दाबला होता.

"आज विसरू नका," ती म्हणाली. "एवढीच मागणी."

कॉफीची वाफ बारीक होत होती. वस्फी तिच्याकडे बघत राहिला. वाफ थांबल्यावर काय होतं ते त्याला माहीत होतं. साय धरते, मग माणसं उठतात, आणि कोणीतरी भरलेले पेले आत नेतं. तिच्यासमोर तो पेला पुन्हा थंड होऊ देणं त्याच्याने होणार नव्हतं. नाही म्हटलं तर ती राहील असंही नव्हतं.

"कॉफी घ्या, उम्म रकान," तो म्हणाला. "मागणी मान्य."

तिने पेला उचलला आणि सगळा प्याली, तळातला गाळ लागेपर्यंत.

"आज बरोबर झालीय," ती म्हणाली.

वस्फीने काच उघडली. जुनी पट्टी सबंध काढली. तिच्यावर त्याचेच डाख होते, दर खेपेचा एक, काही जुने काळवंडलेले, काही अजून चकचकीत. त्याने ती पट्टी गुंडाळून खणात टाकली. नवी पट्टी कपाटात होती. ती पहिल्याच आठवड्यात त्याने आणून ठेवली होती. तारा जोडल्या, ओढून पाहिल्या. कुजलेलं रबर खरवडून जागा स्पिरिटने पुसली. मग सिलिकॉनची नळी घेऊन वरून सुरुवात केली, डावीकडून खाली, खालून उजवीकडे. त्या कोपऱ्यावर आल्यावर तो थांबला नाही. बोटाला साबणाचं पाणी लावून त्याने तो कोपरा दोनदा दाबून घेतला.

"दाबा," तो म्हणाला.

"दाबला."

चोवीसच्या चोवीस पेटले. एकसारखे, कुठे फट नाही. पांढऱ्या डिकीवर आणि वस्फीच्या हातांवर लाल उजेड पडला.

"सोडा."

आतून काही आवाज आला नाही. दिवा तसाच जळत राहिला. आरशात तिचे डोळे दिसत होते, की त्याला तसं वाटलं. तो पुन्हा "सोडा" म्हणाला नाही. जुहदी दुकानाच्या दारात येऊन उभा होता.

मग दिवा विझला आणि ती बाहेर आली.

"किती झाले?"

"पट्टीचे सहा, मजुरी साडेतीन. साडेनऊ दिनार," वस्फी म्हणाला, आणि सवयीने, छातीवर हात ठेवून, पुढचंही म्हणाला. "राहू द्या."

आता तिने शपथ घालायची होती. तिने पर्स उघडली होती, नोटा दिसत होत्या. तिने एकदा नोटांकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या रिकाम्या पेल्याकडे, आणि पर्स बंद केली.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे."

गाडीत बसून तिने दार लावलं आणि आतून तळहाताने दाबून पाहिलं. गल्लीच्या टोकाला, वळणावर, पंखातला दिवा पूर्ण पेटला आणि विझला.

"पैसे दिलेच नाहीत तिने!" जुहदी म्हणाला. "विमानात बसली नाही तोच परदेशी झाली! अरे, राहू द्या म्हटलं की असं राहू देतात का कोणी? विसरली की काय?"

"विसरली नाही," वस्फी म्हणाला, आणि पेला धुवायला घेतला.

नुहादकडून वस्फीचे साडेनऊ दिनार अजून येणे आहेत.